व्हे कुठं जातं ते विचारलंस का?

मृणाल,

हॉलंडमधल्या त्या चीजच्या शेतावरचे फोटो पोचले. डोक्यावर निळी टोपी, पायांत प्लास्टिकच्या पिशव्या आणि कोपरापर्यंत हात दुधाच्या टाकीत. आमच्या ताईनं, तुझ्या आईनं, तो फोटो गल्लीभर दाखवला. पण त्याखालचा मजकूर तिनं नीट वाचलेला दिसत नाही. मी वाचला. "मामा, इतकं सोपं आहे! दूध, विरजण, रेनेट, मीठ. नोकरी सोडते आणि आपल्या आष्ट्याला येऊन गौडा चीज करते. म्हशीच्या दुधाचं होईल का, एवढंच सांग."

एवढंच सांग म्हणे! दूध संघात जन्म गेला माझा. बरं, आधी उत्तर घे. होईल. म्हशीच्या दुधात केसीन जास्त, कॅल्शियम जास्त, त्यामुळं रेनेट घातल्यावर ते गाईच्या दुधापेक्षा लवकर आणि घट्ट लागतं. फॅट सातच्या घरात, म्हणजे उतारही चांगला. रंग मात्र तिथला येणार नाही. तो पिवळेपणा गवतातल्या कॅरोटीनचा, गाईच्या दुधात उतरतो, म्हशीच्या नाही. तुझं गौडा पांढरं होईल. झालं तुझं 'एवढंच'.

आता माझं ऐक. तू लिहिलंयस की तीसेक डिग्रीला दुधात विरजण आणि रेनेट घातलं, अर्ध्या-पाऊण तासात ते लागलं, तारांच्या चौकटीनं त्याचे बारीक दाणे केले, मग शेतावरच्या बाईंनी वर आलेलं पाणी काढून टाकलं, गरम पाणी ओतलं, ढवळलं. आणि तिथून एकदम उडी मारून तू साच्यावर, दाबावर, मिठाच्या पाण्यात तरंगणाऱ्या चाकांवर गेलीस. अगं, तिथंच तर सगळी गोम आहे! ते गरम पाणी म्हणजे दाण्यांना घातलेली अंघोळ नव्हे का? त्यानं दुधातली साखर धुऊन जाते. साखर कमी म्हणून जिवाणूंना आंबट करायला माल कमी, म्हणून गौडा गोडसर आणि लवचिक राहतं. हे धुणं वगळ, तेच दूध, तेच विरजण, आणि चीज आंबट, ठिसूळ निघेल. लहानपणीही तू गोष्टीतला मधला भाग गाळूनच सांगायचीस.

पण मला खटकलं ते वेगळंच. "पाणी काढून टाकलं." कुठं टाकलं? ते पाणी नव्हे, व्हे आहे ते. चक्का बांधला की फडक्याखाली गळतं, त्याचंच भावंड. एक किलो चीजला ढोबळ दहा लिटर दूध लागतं. फोटोत तुला उचलवत नाही ते बारा किलोचं चाक म्हणजे सव्वाशे लिटर दूध, आणि त्यातून शंभराच्या वर लिटर व्हे, शिवाय तुझ्या त्या गरम पाण्याची भर. चीज करणं म्हणजे मुख्यतः व्हे करणं! चीज हे त्यातून थोडंसं उरतं. हे माझं मत आहे आणि ते मी मरेपर्यंत सोडणार नाही. चीजची खोली पाहुण्यांना दाखवतात, लाकडी फळ्यांवर ओळीनं चाकं मांडलेली, फोटोला छान. मोरी कोण दाखवतं? माणसाचं घर बघायला जावं तर मोरी बघावी. ताईचं स्थळ ठरत होतं तेव्हाही मी त्यांच्या घरात आधी मोरी बघून आलो होतो. घरचे हसले होते. पण होकार त्यानंतरच गेला, विचार तिला.

मोरीचंच सांगतो. मी होतो त्या एका डेअरीत पाडव्याच्या आधी श्रीखंडाचा हंगाम असायचा. नाव घेत नाही, तू ओळखशील. चक्क्याचं सगळं पाणी मागच्या ओढ्याला. व्हेची बीओडी, म्हणजे ते कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खातं ते माप, लिटरला तीस ते पन्नास हजार मिलिग्रॅम, म्हणजे गटाराच्या पाण्याच्या शंभरपट नि वर. पाण्यातला प्राणवायू जिवाणू खाऊन टाकतात, मासे गुदमरून वर येतात. एका सकाळी खालच्या वस्तीवरची एक म्हातारी घागर घेऊन फाटकाशी आली. काही बोलली नाही. घागर माझ्या टेबलावर ठेवली, त्यावरचं फडकं काढलं आणि बाकावर जाऊन बसली. तो वास मला आजही चहा पिताना अचानक येतो. साहेब म्हणाले, दुधाचंच तर पाणी आहे, विष नाही.

तुझ्या हॉलंडवाल्यांनी हे फार आधी ओळखलं. चीज करणाऱ्याच्या घरामागं डुकरं असायची ती काही उगाच नाही, व्हे त्यांना पाजायचे. त्याआधी त्यातला उरलासुरला फॅट काढून लोणीसुद्धा करायचे. आता मोठे कारखाने त्याची पावडर करतात. तुझा सुहास जिममधून आला की जो काळा डबा हलवतो ना, तो हाच माल, आणि डेअरीला तोही चांगले पैसे मिळवून देतो. आपण मात्र ओढ्यात ओतला.

अजून एक. तीच व्हे पावडर वासरांच्या कृत्रिम दुधात जाते. गाय दूध देते ती व्याल्यावर, आणि डेअरीत झालेल्या गोऱ्ह्याचा उपयोग काय? तो मांसासाठी वाढवतात. आणि रेनेट येतं कशातून? दूधपित्या वासराच्या चौथ्या पोटातून. फिरून बघ ते चक्र एकदा. सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेटही मिळतं, पण कच्च्या दुधाचं 'बुरेनकास' करणाऱ्या शेतावर वासराचंच असण्याची शक्यता जास्त. तू विचारलं नसशीलच. आणि पुढच्या ओळीत लिहितेस, "आईला दिवाळीला एक चाक आणते." चातुर्मासात कांदासुद्धा न खाणाऱ्या तुझ्या आईला!

नोकरी सोडायच्या गप्पांबद्दल. चार आठवड्यांचं ते कोवळं, आणि 'आउद', म्हणजे जुनं, म्हणवायला दहा-बारा महिने लागतात. तोवर दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी चुकते करायचे, चाकं उलटायची, पुसायची, आणि खोली बारा-पंधरा डिग्रीला ठेवायची. आष्ट्यात. एप्रिलमध्ये. लोडशेडिंग धरून. जुन्या चीजमध्ये दाताखाली करकरतात म्हणून तुला आवडले ते स्फटिक टायरोसिनचे, ते वर्षाच्या थांबण्यानं येतात. इतका वेळ भांडवल फळीवर ठेवायची तुझी तयारी आहे का? तुझ्या बापाची नव्हती, द्राक्षबागेच्या वेळी पाहिलंय मी.

आणि तिथं गवत फुकट नाही बरं. दलदल उपसून जमीन केली, उपसली तशी पीटची माती खचत गेली, धान्य नीट पिकेना, म्हणून गवत, म्हणून गाय, म्हणून चीज. गौडा गावच्या बाजारात १६६८ पासून उभी असलेली ती चीज तोलायच्या काट्याची इमारत तू पाहिलीस, तिच्यामागं सगळा हा चिखल आहे. आपल्या गोठ्यातली एचएफ गायसुद्धा मूळची त्याच ओल्या कुरणांची, म्हणून मे महिन्यात धापा टाकते बिचारी.

आता खरं सांगू का? रॉटरडॅमहून गौडाला तू रेल्वेनं गेलीस तो बहुतेक मुलूख समुद्रसपाटीच्या खाली आहे. वाटेवरच कुठंतरी देशातली सर्वांत खोल जागा, न्यूवेर्केर्कजवळ, पावणेसात मीटर खाली. हे वाचल्यापासून मला झोप नाही. पंप बंद पडले तर? तुझी खोली कितव्या मजल्यावर आहे? ताईला तू तिसरा सांगितलास, सुहास पहिला म्हणतो. खरं काय ते लिही. पावसात सायकल चालवतेस तेव्हा मागचा दिवा लागतो ना?

पुढच्या रविवारी परत त्या शेतावर जा. चीज विकत घेऊ नकोस, मागच्या दारानं आत जा आणि त्या बाईंना विचार: व्हे कुठं जातं, डुकरांना की टँकरनं, लिटरला काय देतात, टाकी धुतलेलं पाणी कुठं सोडता. रेनेटची बाटली हातात घेऊन लेबलाचा फोटो काढ. हे सगळं लिहून पाठव, मग आष्ट्याचं बघू. तोवर राजीनामा लिहिला असलास तर तसाच राहू दे.

तुझा,
दादामामा

ता. क. चाक आणलंसच तर ताईला मी आपणहून काही सांगणार नाही. पण तिनं तोंडावर विचारलं, "दादा, ह्यात काय आहे रे?" तर खोटं बोलायला मला जमणार नाही, आधीच सांगून ठेवतो.