राहिलो तर किती, निघालो तर किती

गेल्या गणपतीत मामाकडे, सातारच्या बाजूला, दोन दिवस होतो. रात्रीची आरती झाल्यावर मामाने ओसरीवर माझ्यासमोर एक वही ठेवली. दूध डेअरीच्या हिशोबाची वही. शेवटच्या पानावर निळ्या पेनने मोठा आकडा लिहिला होता : ११,७१,०००. खाली यादी. स्लॅब ४ लाख, बोअर दीड लाख, ताईचं लग्न ५ लाख, उरलेले एफडी.

"तू कंप्युटरवाला. आकडा बरोबर हाय का बघ एकदा."

आकडा बंड्याचा होता. बंड्या म्हणजे माझा मामेभाऊ, अग्निवीरांच्या पहिल्या बॅचमधला. दहावीपासून पहाटे पाचला उठून सोळाशे मीटर पळायचा. २०२२च्या जूनमध्ये योजना जाहीर झाली तेव्हा तो पुढच्या भरतीची वाट बघत होता. मग चार वर्षांची तर चार वर्षांची, म्हणून गेला. बेळगावला ट्रेनिंग झालं, आता वर उत्तरेत कुठेतरी पोस्टिंग आहे. तो तेव्हा सुट्टीवर आलेला होता आणि खांबाला टेकून मोबाईल बघत बसला होता. मामा आत गेल्यावर हळूच म्हणाला, "दादा, ह्यो निघालो तर मिळणारा आकडा हाय. राहिलो तर वेगळा असतोय. दोन्ही काढ की."

माझं कामच हे आहे. पुण्यात बसून मी पगाराचं सॉफ्टवेअर लिहितो. आमचा क्लायंट अमेरिकन आहे. गेली दोन वर्षं माझ्याकडे बोनसचं मॉड्यूल आहे : कोणाला किती, कधी, किती हप्त्यांत, आणि माणूस मध्येच गेला तर परत किती घ्यायचे.

क्लायंटकडून आमच्याशी बोलणारा माणूस आधी अमेरिकन नौदलात होता. एकदा कॉलवर हप्त्यांचं लॉजिक समजावताना तो म्हणाला, हे सगळं मी स्वतःवर अनुभवलंय. सैन्यातला करार संपत आलेल्या माणसाने अजून काही वर्षं राहावं, म्हणून तिकडे रोख पैसे देतात. १९७३मध्ये अमेरिकेने सक्तीची भरती बंद केली आणि पुढच्याच वर्षी हा बोनस आजच्या स्वरूपात आला. सक्ती संपली की माणूस टिकवायला किंमत मोजावी लागते.

नौदलातला फॉर्म्युला एका ओळीचा आहे. महिन्याचा मूळ पगार गुणिले वाढवलेली वर्षं गुणिले एक गुणक. समजा मूळ पगार ३,००० डॉलर, करार चार वर्षांनी वाढवला आणि गुणक २ असेल, तर २४,००० डॉलर. खरी गंमत गुणकात आहे. तो माणसाच्या शौर्यावर ठरत नाही, टंचाईवर ठरतो. अणुभट्टी सांभाळणारे तंत्रज्ञ कमी पडत असतील तर त्यांचा गुणक वर जातो. ज्या कामाला माणसं भरपूर आहेत, तिथे काहीच मिळत नाही. शिवाय नोकरीची वर्षं टप्प्यांत विभागलेली असतात. साधारण सहा वर्षांपर्यंत एक टप्पा, सहा ते दहा दुसरा, दहा ते चौदा तिसरा. काम तेच, पण टप्प्याप्रमाणे गुणक बदलतो. भूदलाची पद्धत थोडी वेगळी आहे, तिथे हुद्दा, कौशल्य आणि वाढवलेली वर्षं बघून ठरलेल्या रकमांचा तक्ता असतो. पण मुद्दा तोच, तुझी गरज किती.

नौदलात साधारण अर्धे पैसे सही केल्यावर मिळतात, उरलेले दरवर्षी हप्त्याने. त्यातून २२ टक्के केंद्रीय कर आधीच कापून घेतात. पण युद्धक्षेत्रात असताना सही केली तर साध्या सैनिकाला पूर्ण बोनस करमुक्त, पुढचे हप्तेसुद्धा. आमचा हा माणूस त्यासाठी जहाज पर्शियन आखातात पोचेपर्यंत थांबला होता. डेकवर उभं राहून शपथ घेतली, कर वाचला. हे सांगताना तो हसत होता. मी तिकीट लिहीत होतो : 'सहीच्या दिवशीचं ठिकाण तपासा.'

मग परतफेडीचा नियम. करार पूर्ण न करता स्वतःहून गेलास, तर जेवढी सेवा उरली तेवढ्या वाट्याचे पैसे परत. ऐकायला न्याय्य वाटतं. पण इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत माणसं हवी होती तेव्हा कॅलिफोर्निया नॅशनल गार्डने निकषांत न बसणाऱ्यांनाही बोनस वाटले. काही वर्षांनी तपासणी झाली आणि जवळपास दहा हजार सैनिकांच्या मागे वसुली लागली. अनेकांकडून १५,००० डॉलर आणि त्याहून जास्त. हे लोक युद्धावर जाऊन आले होते, पैसे केव्हाच घरात खर्च झाले होते. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये वर्तमानपत्रात बातमी आल्यावर संरक्षणमंत्री अ‍ॅश कार्टर यांनी ती वसुली थांबवली.

मला हे जवळचं वाटलं, कारण त्याच वर्षी आमच्या कंपनीने आम्हाला थांबायचे पैसे दिले होते. ४ लाख, अट दीड वर्षाची. कर कापून खात्यात आले २ लाख ७५ हजार. माझ्या टीममधला एक जण चौदाव्या महिन्यात गेला, वडिलांच्या आजारपणामुळे गावी राहायचं होतं त्याला. त्याच्याकडून मागितले पूर्ण ४ लाख. चौदा महिने काम केल्याची वजावट नाही, न मिळालेल्या कराच्या पैशांचीही नाही. तेव्हापासून मी माझे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले होते. अठरावा महिना उलटला त्या दिवशी आईबाबांना घेऊन जेवायला गेलो.

तर त्या रात्री ओसरीवर मी लॅपटॉप उघडला.

अग्निवीराचं पॅकेज पहिल्या वर्षी महिना ३०,०००. मग ३३,०००, ३६,५०० आणि ४०,०००. दर महिन्याला त्यातले ३० टक्के सेवा निधीत जातात, म्हणून बंड्याच्या हातात तेव्हा, तिसऱ्या वर्षी, २५,५५० येत होते. चार वर्षांत त्याचे स्वतःचे जमतात ५ लाख २ हजार. तेवढेच सरकार घालतं. झाले १० लाख ४ हजार, आणि व्याज धरून साधारण ११ लाख ७१ हजार. त्यावर आयकर नाही. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. मामाचा आकडा बरोबर होता.

मग दुसरा कॉलम. चार वर्षांनी बॅचमधल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना कायम सेवेत घेतात, पुढे किमान पंधरा वर्षांसाठी. जो निवडला जातो त्याला सेवा निधीतून फक्त स्वतःचा वाटा आणि त्यावरचं व्याज मिळतं. सरकारचा वाटा नाही. म्हणजे साधारण निम्मे, पावणेसहा लाखांच्या आसपास.

मी दोन्ही कॉलम शेजारी ठेवून बघत बसलो. दोन वर्षं मी ज्या बोनसचा कोड लिहितोय तो थांबणाऱ्याला मिळतो. इथे जास्त रक्कम निघणाऱ्याला. तिकडे सैन्याला माणूस हातातून जाण्याची भीती आहे. इकडे भरतीच्या मैदानाबाहेर पहाटे तीनपासून रांग लागते, कोण कशाला बोनस देईल? गुणक टंचाईवर ठरतो, हे मला पाठ होतं. आमच्या गावचा गुणक किती असेल, हा प्रश्न कधी पडला नव्हता.

मामा तंबाखू मळत बाहेर आला. मी त्याला दुसरा कॉलम दाखवला. तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला.

"म्हंजे पोरगं पर्मनंट झालं तर पैसं कमी?"

"आत्ता हातात कमी. पण पुढे पगार, पेन्शन. एकूण हिशोबात राहणंच फायद्याचं."

"ते कळतंय रे. पण लगीन पुढच्या उन्हाळ्यातच हाय की." मग जरा थांबून, "तरी बी रहावं त्यानं. स्लॅब थांबंल."

त्याने पेनने स्लॅबवर रेघ मारली. मग बोअरवर. लग्नाच्या ५ लाखांवर पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. मामी आतून ऐकत होती, पण बाहेर आली नाही.

बंड्या तोवर काही बोलला नव्हता. मामा झोपायला गेल्यावर म्हणाला, "दादा, अण्णा असं बोलतायत जणू मी फॉर्मवर टिक करायचीय. चारातला एक घेणार. आमच्या सेक्शनमधली सगळीच पोरं जीव काढतायत. गेल्या महिन्यात पळताना पाय मुरगळला, तर मी डॉक्टरकडं गेलो नाही. रेकॉर्डला लागंल म्हणून."

मला काय बोलावं कळेना. मी त्याला त्या नौदलवाल्याची गोष्ट सांगितली, आखातात जाऊन सही करणाऱ्याची. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"त्यानं ठरवलं, कधी सही करायची ते?"

"हो."

"भारी," एवढंच म्हणाला.

पुण्याला आल्यावर त्याने फाईल मागितली. मी तिसरा कॉलम घातला होता : निघालाच तर ११ लाख ७१ हजारांतून महिना किती पडेल, किती वर्षं पुरेल, पोलीस भरतीच्या तयारीला किती ठेवायचे. फाईल पाठवली तेव्हा दोन निळ्या टिक लगेच आल्या, उत्तर दुसऱ्या दिवशी.

'तिसरा कॉलम अण्णांना दाखवू नको.'

आणि खाली : 'पाय बरा आहे. आज सोळाशे मारलं.'