धार

चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या सिग्नलजवळ, कॉफीच्या टपरीवर सकाळी उभं राहिलं की कोण जुनं आणि कोण नवं हे गळ्यातली ओळखपत्रं न वाचताही कळतं. नवा मुलगा टंबलरमधली कॉफी दवऱ्यात, म्हणजे खालच्या पसरट वाटीत, ओततो ती फार जपून. कॉफी दवऱ्यात पडतच नाही. काठावरून आत वळते, टंबलरच्या पोटावरून ओघळत करंगळीपर्यंत येते आणि तिथून फिकट शर्टावर. शेजारी एखादा मुरलेला गिऱ्हाईक असतो, निम्मं लक्ष गप्पांत. तो हात वर नेतो, मनगट वळवतो. हातभर धार सुटते, फेस चढतो, थेंब बाहेर नाही.

मला हे फार आवडतं. सावधपणाला शिक्षा करणाऱ्या गोष्टी जगात तशा थोड्याच.

वेगात निघालेली धार काठापासून तुटते. रेंगाळणारी धार ओल्या काठाला चिकटते, खालून वळते आणि भांड्याच्या अंगानेच वाहत राहते. मार्कस रायनर यांनी 1956 साली याला किटलीचं नाव दिलं. न गळणाऱ्या चोचीचं गणित मांडणाऱ्याला 1999 मध्ये इग नोबेल हा चेष्टेतला पुरस्कारही मिळाला. टंबलरचा काठ बाहेर वळवणाऱ्या कारागिराने असलं गणित केलं नसावं, पण त्या वळणामुळे कॉफीला मागे फिरणं जड जातं.

तेल-तूप याहून लोचट. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 73 मिलिन्यूटन, खाद्यतेलाचा त्याच्या निम्म्याहून कमी. ते भांड्यावर पसरायला टपलेलंच असतं, म्हणून तेलाची बरणी कितीही पुसा, चिकटच.

आमच्याकडे मिरजेला लग्नाच्या पंगतीत तूप वाढायला काकांशिवाय कोणाला उभं करत नसत. भाताच्या मुदी पडल्या, वरण झालं, की काका निघत. कमरेला पंचा, हातात तोटीचं पितळी भांडं. एका पानावर एकच धार, बरोबर मुदीच्या डोक्यावर, आणि मनगट असं उचलत की शेवटचा थेंब तोटीत परत जाई. तोटीखाली बोट धरणारे वाढपी त्यांना खपत नसत. ‘वाढायचं तर वाढ, नाहीतर पुढे हो,’ असं ते नव्या पोरांवर खेकसत. पोरं घाबरून आणखी हळू वाढत, मग तूप तोटीवरून मनगटावर आणि मनगटावरून कोणाच्यातरी शालूवर. काकांना शालूचं एवढं दुःख नसे. थेंबाथेंबाने वाढलं की जेवणाऱ्याला आपण मोजतोय असं वाटतं, हे त्यांचं खरं दुखणं. विहिणींच्या पंक्तीत त्यांचा हात आणखी वर जाई. आम्ही मुलं जेवण सोडून बघत राहायचो. घरी मात्र काकूने पोळीला तूप लावलं की हेच काका चमचे मोजत. माणसाच्या मनाचा आणि मनगटाचा संबंध असतोच असं नाही. तरीही बुफेत स्वतःच चमच्याने घेतलेलं तूप मला अजून तूप वाटत नाही.

चेन्नईत पृष्ठताणाच्या विषयाला जुना मान आहे. मरीना किनाऱ्यासमोरच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात चंद्रशेखर वेंकट रामन नावाचा, विशीही न गाठलेला विद्यार्थी यात रमला होता. वक्रतेवरून द्रवाचा पृष्ठताण मोजायची रीत सांगणारा त्याचा लेख 1907 मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये आला. त्याच वर्षी तो अर्थखात्याच्या नोकरीवर कलकत्त्याला गेला. 1930 चं नोबेल मिळालं ते प्रकाशासाठी. प्रकाशाला नेहमीच मान जास्त.

आता ऑक्टोबर. ईशान्येकडचा पाऊस सुरू झाला की पळ्ळिकरणैची दलदल भरते आणि तिच्याबरोबर इथला प्रत्येक बांधकामाचा खड्डाही. डासांच्या अळ्या श्वासाची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून, पृष्ठताणाच्याच आधाराने उलट्या लटकतात. वर तेलाचा तवंग आला की ती पकड सुटते. दलदलीत तेल कोणी टाकू नये. ती 2022 पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे आणि अळ्या खायला तिथे मासे आहेत. खड्ड्याला मात्र थोडंसं तेल पुरतं. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळ क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल सोडून अर्ध्या एकराच्या आसपास पाणी गुळगुळीत केलं होतं. त्याला डासांशी काही देणंघेणं नव्हतं. मला आहे.