साखरेची रांगोळी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरात नोव्हेंबर-डिसेंबर हे दोन महिने खाण्याचेच असतात. दिवाळीच्या फराळाचा डबा तळाला जातो न जातो तोच थँक्सगिव्हिंग येते आणि तिच्या पाठोपाठ नाताळच्या कुकींचा हंगाम सुरू होतो. मुले शाळेत जाऊ लागली की आमंत्रणेही येऊ लागतात. या शनिवारी एका मैत्रिणीकडे, पुढच्या शनिवारी दुसरीकडे 'कुकी सजवण्याची पार्टी'. नाव पार्टीचे, पण प्रकार आपल्याकडे दिवाळीआधी करंज्या करायला बसतात तसाच. घरच्या बाईने कुकी आदल्या दिवशी भाजून ठेवायच्या, टेबलावर जुने कापड अंथरायचे, रंगीत साखरेच्या वाट्या मांडायच्या आणि आठ-दहा मुलांना बोलवायचे. मुलांनी तारे, झाडे, घंटा रंगवायच्या, निम्म्या तिथेच खायच्या आणि उरलेल्या डब्यात घालून घरी न्यायच्या.

ही पद्धत तशी जुनीच. आज जिथे न्यूयॉर्क आहे तिथे सतराव्या शतकात डच लोकांची वसाहत होती. 'कुकी' हा शब्दही डचांचाच, अर्थ छोटा केक. १७९६ साली अमेलिया सिमन्स या बाईंचे 'अमेरिकन कुकरी' हे पुस्तक निघाले. अमेरिकन लेखिकेने लिहून अमेरिकेत छापलेले ते पहिले पाकपुस्तक मानतात. त्यात नाताळच्या कुकीची कृती आहे, आणि गंमत म्हणजे तिच्यात घालायला सांगितली आहे चहाचा कपभर धणेपूड! ही कुकी मातीच्या भांड्यात घालून ठेवली तर सहा महिन्यांनी जास्त चांगली लागते, असेही त्या बाई सांगतात. आपल्या आज्या लोणच्याबद्दल असेच बोलत.

आमची मुलगी तीन वर्षे दुसऱ्यांच्या घरी जाऊन कुकी रंगवून येत होती. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, चौथीत असताना, ती एका संध्याकाळी म्हणाली, "आई, यंदा आपल्याकडे करायचं. सगळ्यांच्या घरी मी गेले. आपल्याकडे कोणीच येत नाही."

एरवी मी लगेच होकार दिला असता. पण ते वर्ष वेगळे होते.

त्या मार्चमध्ये नाशिकला माझे सासरे गेले. एकट्या पडलेल्या सासूबाईंना सप्टेंबरमध्ये आम्ही न्यू जर्सीला आणले. वर्षश्राद्ध व्हायचे होते, त्यामुळे घरात सण नव्हता. दिवाळीला आकाशकंदील लागला नाही, दारात रांगोळी नाही, कढई चढली नाही. गावातल्या दोन मराठी कुटुंबांनी रीत म्हणून फराळाची ताटे आणून दिली, तेवढाच काय तो गोडधोडाचा वास. मुलीने एका शब्दाने तक्रार केली नव्हती. आणि सासूबाई? त्या सकाळी पूजा करत, भाजी निवडत, दुपारी खिडकीशी बसून पाने गळालेल्या झाडांकडे बघत राहत. कोणी आले की उठून आतल्या खोलीत जात. आल्यापासून तीन महिन्यांत त्यांनी सासऱ्यांचे नाव काढले नव्हते. आम्ही विषय काढला तर त्या पाणी आणायला उठत.

ह्यांचे म्हणणे पडले, "आईला विचारूच नकोस. तिला वाईट वाटेल. पोरीला सांग, पुढच्या वर्षी करू." त्यांचे चुकत होते असे नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला न विचारता 'नाही' ठरवणे मला पटेना. न विचारणे म्हणजे त्यांना जपणे खरे. पण तसे जपत जपत आपण माणसाला घराबाहेर काढतो. म्हणून दुसऱ्या दिवशी मेथी निवडताना मी विचारले.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. जुडी संपली, तशी म्हणाल्या, "ती पोर तीन वर्षं लोकांच्या घरी जेवून आलीये?"

"हो आई. दर नाताळात."

"मग ते देणं झालं. आपला सण आपण करायचा नाही, तो मी केला नाही. पण देणं वर्षभर अडवून ठेवा, असं कोणी सांगितलेलं नाही. बोलव पोरांना." थोडे थांबून त्यांनी दोन अटी घातल्या. घरातल्या ओव्हनमध्ये अंडे चालणार नाही. आणि, "मी आपली आत बसेन. मला बाहेर बोलवायचं नाही."

मी दोन्ही मान्य केल्या.

मैत्रिणींनो, अंड्याची अट वाटते त्याहून अवघड. कुकीत अंडे असतेच, शिवाय वर जे पांढरेशुभ्र कडक आयसिंग असते तेही अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे. बाजारात त्यासाठी तयार पूड मिळते, पण तीही वाळवलेल्या बलकाचीच. तेव्हा मी दोन्ही गोष्टी आपल्या पद्धतीने केल्या. कोणाला करून पाहायच्या असतील तर प्रमाण देते. २२५ ग्रॅम लोणी आणि २०० ग्रॅम बारीक साखर हलकी होईपर्यंत फेसायची. ३७५ ग्रॅम मैदा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि वेलचीपूड मिसळून घालायची. गोळा होण्यापुरते तीन-चार मोठे चमचे दूध. गोळा तासभर फ्रीजमध्ये ठेवून पाव इंच जाडीची पोळी लाटायची, साच्याने आकार कापायचे आणि तेही पुन्हा दहा-पंधरा मिनिटे गार करायचे. हे दुसऱ्यांदा गार करणे टाळू नये. लोणी ऊबदार असले की ओव्हनमध्ये पसरते आणि ताऱ्याचा ढग होतो. १७५ अंश सेल्सियसला दहा-अकरा मिनिटे भाजायचे. कडा किंचित बदामी झाल्या की बाहेर. नानकटाई करणाऱ्या बाईला यात अवघड काहीच नाही.

आयसिंगला २४० ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे कॉर्न सिरप आणि लागेल तसे चमचा-चमचा पाणी. सिरपने चकाकी येते. रेघ काढायला घट्ट आणि आत भरायला पातळ, असे दोन भाग करावे. भरायचे आयसिंग ओळखण्याची सोपी खूण अशी : वाटीत सुरीने रेघ ओढली तर ती दहापर्यंत मोजेस्तोवर पुसली जावी. हे अंड्याच्या आयसिंगसारखे झटपट कडक होत नाही, रात्रभर उघडे ठेवावे लागते. त्यामुळे मुलांना द्यायचे डबे उथळ आणि पसरट घेतले, म्हणजे कुकी एकमेकींवर चढत नाहीत.

दुसरी काळजी ॲलर्जीची. येणाऱ्या नऊ मुलांपैकी एकाला शेंगदाण्याची, एकीला तिळाची. मराठी स्वयंपाकघरात दाण्याचे कूट आणि तीळ नाहीत असा डबा शोधून काढावा लागतो! मी दोघांच्या आयांना आधी फोन केला, ओटा, लाटणे, चाळणी घासून घेतली आणि सामान सगळे नवे, बंद पाकिटातले आणले. अमेरिकेत २००६ पासून पाकिटावर शेंगदाणे, दूध, गहू, अंडी अशा आठ पदार्थांचा स्पष्ट उल्लेख कायद्याने बंधनकारक आहे. २०२३ पासून तिळाचीही त्यात भर पडली आहे. पाकीट उलटून वाचायची सवय मात्र आपल्याला हवी. तेच वाचताना कळते की काही रंगीत गोळ्यांत आणि बहुतेक मार्शमेलोंत जिलेटिन असते, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेला पदार्थ. मुलीच्या वर्गातली एक मैत्रीण मुसलमान, एक ज्यू. आमच्या घरासारखेच त्यांनाही ते चालत नाही. ते मी आणलेच नाही, आणि कोणाला वेगळे काढून वाढायची वेळ आली नाही.

१६ डिसेंबर, शनिवार. दुपारी दोनला मुले आली. सासूबाई ठरल्याप्रमाणे आत.

इथे एक रीत आहे. मुलाला सोडायला येणारी आई रिकाम्या हाताने येत नाही. प्रत्येकीच्या हातात आपापल्या घरच्या कुकींची एक ताटली होती, वर झाकण, झाकणाला फीत. नऊ ताटल्या स्वयंपाकघरात ओळीने लागल्या. पाण्याचा तांब्या भरायला बाहेर आलेल्या सासूबाई त्या बघून थबकल्या.

"हे काय? आपण करणार होतो ना?"

"त्यांनी आणलंय आई. आपल्यासाठी."

त्यांनी ताटल्या मोजल्या. मग हळूच म्हणाल्या, "दिवाळीला दोन आली होती. ही नऊ." ज्या घरात वर्षभर कढई चढत नाही, त्या घरी शेजारपाजारचे फराळ आणून देतात, ही त्यांच्या ओळखीची रीत. येणाऱ्या बायांना आमच्या दुखवट्याची कल्पनाही नव्हती. पण सासूबाईंच्या हिशेबी अर्थ तोच झाला असावा, कारण तांब्या भरल्यावर त्या आत गेल्या नाहीत. दाराला टेकून उभ्या राहिल्या.

टेबलावर तोवर गोंधळ माजला होता. आयसिंगचे कोन मुलांच्या हातात नीट बसत नव्हते. वरून आयसिंग येई, खालून गळे. एक मुलगा रडवेला झाला होता, त्याच्या झाडाचा हिरवा चिखल झाला होता. सासूबाईंनी थोडा वेळ पाहिले आणि त्यांना राहवेना. पुढे येऊन त्यांनी त्याच्या हातातला कोन घेतला, वरचे तोंड मेंदीच्या कोनासारखे दुमडून घट्ट केले, टोक जरा बारीक कापले, आणि एका कोऱ्या ताऱ्यावर मधोमध ठिपका देऊन भोवती पाकळ्या ओढल्या. हात न उचलता. मग कडेने बारीक वेल. नाशिकच्या वाड्यात चाळीस वर्षे रोज अंगणात रांगोळी काढलेला हात तो! टेबलावर एकदम शांतता झाली. मग नऊ कुकी एकदम पुढे आल्या.

त्यांना इंग्रजी बेताचेच. पण "स्लो, स्लो" आणि "प्रेस लिटल" एवढ्यावर तासभर वर्ग चालला. ठिपक्यांना ठिपके जोडून कमळ कसे होते ते त्यांनी शिकवले. मुलांनी त्यांना गाजराचे नाक असलेला बर्फाचा माणूस शिकवला.

पार्टीचा एक नियम मुलीने केला होता. शेवटची कुकी स्वतःसाठी नाही, दुसऱ्या कोणासाठी सजवायची आणि कोणासाठी ते सांगायचे. कोणी धाकट्या भावासाठी केली, कोणी बसच्या ड्रायव्हरसाठी. सासूबाईंनीही एक घेतली. साधी गोल, कडेला पांढऱ्या ठिपक्यांची एकच ओळ, मध्ये काही नाही. तो मघाचा हिरव्या झाडाचा मुलगा त्यांच्या शेजारीच बसला होता. त्याने विचारले, कोणासाठी? मुलीने माझ्याकडे पाहिले. मी ओट्याशी होते, तिथेच थांबले.

सासूबाई म्हणाल्या, "फॉर आजोबा." मग मुलीकडे वळून मराठीत, "यांना गोड चालायचं नाही ना, साखर होती. म्हणून मध्ये काही घातलं नाही."

मुलीने ते इंग्रजीत सांगितले. त्या मुलाने मान डोलावली आणि म्हणाला, माझ्या आजोबांनाही साखरेचा त्रास आहे. एवढेच. पुढे सगळे आपापल्या डब्यांकडे वळले.

त्या रात्री ती कुकी देव्हाऱ्याशेजारच्या फोटोपुढे होती. जेवताना सासूबाई आपणहून बोलल्या. सासरे मधुमेह असूनही डब्यातल्या शंकरपाळ्या कशा चोरून खायचे आणि वर डबा हलवून सारखा कसा करून ठेवायचे, ते सांगितले. हे हसले, आणि हसता हसता उठून बेसिनशी गेले. वडील गेल्यापासून त्यांनाही कोणाशी बोलता आले नव्हते.

दुःखाला रीत लागते, हे मला मान्य आहे. वर्ष पाळण्याने माणसाला सावकाश सावरायला मोकळीक मिळते. आज हस, उद्या नटून ये, असे कोणी म्हणत नाही. पण त्याच रीतीत शेजाऱ्याने ताट घेऊन येणेही आहे, म्हणजे दार पूर्ण बंद ठेवायचे नसते. परगावी, परदेशी आपण पहिला अर्धा भाग नेटाने पाळतो. दुसऱ्यासाठी माणसे लागतात, आणि ती जोडायला आधी कोणाला तरी घरी बोलवावे लागते.

सासूबाई फेब्रुवारीत नाशिकला परत गेल्या, वर्षश्राद्ध तिथे झाले. २०२४ च्या दिवाळीआधी त्यांचा फोन आला. यंदा कंदील लावा, चकलीला भाजणी पाठवते, वगैरे झाल्यावर म्हणाल्या, "आणि ती कुकीची पोरं? त्यांना करंज्यांना बोलवलंस का? त्या हिरव्या झाडवाल्याला कातणं दे हातात. त्याचा हात आता बसला असेल."

बोलावले. नऊपैकी सात आली. ओल्या नारळाच्या करंज्या केल्या, तीळ घातले नाहीत.