कुसुमाग्रज कुठे ठेवायचे?

तालिकीकरणाच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी लावण्याच्या, पहिल्या तासाला मी फळ्याला हात लावत नाही. नुसतं विचारते, “कुसुमाग्रज कुठे ठेवाल? ‘क’मध्ये की ‘श’मध्ये?” वर्ग चटकन ‘क’ म्हणतो. मग मी पिशवीतून ‘नटसम्राट’ काढते. वर नाव वि. वा. शिरवाडकर. आता वर्गाचे दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, माणूस एक तर नाव एक. दुसऱ्याचं, कविता मागायला येणाऱ्याच्या तोंडी कुसुमाग्रजच असणार, त्याला शिरवाडकरांकडे का पाठवायचं? या भांडणात सगळा तास गेला तरी माझी हरकत नसते. मागे रांग उभीच आहे: आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी, ग्रेस आणि माणिक गोडघाटे. शिवाय वाचक ज्यांना आडनावाने कधीच मागत नाहीत ते पुलं, वपु, जीए. तालिकेत जीए कुलकर्ण्यांच्या गर्दीत बसतात, आणि मराठी साहित्यात कुलकर्णी किती आहेत ते मोजायला जाऊ नये.

तालिकीकरणाची इंग्रजी नियमावली अशा लेखकाची दोन्ही नावं वेगळी ठेवू देते. फक्त एका नावाकडून दुसऱ्याकडे बोट दाखवणारी ‘हेही पाहा’ची नोंद हवी. म्हणजे दोन्ही तट बरोबर. चूक एवढीच, की जानेवारीत ‘क’मध्ये ठेवलं आणि जूनमध्ये ‘श’मध्ये.

कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून मी जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रंथपालन वर्गाला शिकवते. वर्ग काही महिन्यांचा, शेवटी सरकारी परीक्षा आणि प्रमाणपत्र. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना मान्यता, अनुदान आणि अ-ब-क-ड अशा पायऱ्या दिल्या. वरच्या पायरीवर जायचं तर शिकलेला सेवक लागतो, म्हणून समितीचे अध्यक्ष कुणाला तरी वर्गाला धाडतात. येणाऱ्यांत नुकती बारावी झालेली मुलगी असते, तिच्या शेजारच्या बाकावर गावच्या वाचनालयात जन्म काढलेले काका. घरचं आवरून एसटीने येणाऱ्या बायका तर पुष्कळ. बहुतेकांचं ग्रंथालय म्हणजे ग्रामपंचायतीवरची किंवा देवळालगतची एक खोली. देवघेव, दाखल नोंदवही, वर्गणीची पावती, झाडलोट, निरीक्षक आले की चहा, सगळं एकाच माणसाकडे.

अभ्यासक्रम मात्र असा, की जणू वर्गीकरणाचा विभाग वेगळा, तालिकेचा वेगळा, संदर्भाचा तिसऱ्या मजल्यावर. मी कॉलेजात होते तेव्हा ते मला खटकलं नाही, कारण आमच्याकडे खरोखरच माणसं होती. या वर्गात आल्यावर खटकायला लागलं. ड्युईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६, त्यात कादंबरी ८९१.४६३. १८७६ साली अमेरिकेत ही पद्धत छापली गेली तेव्हा इंग्रजी आणि अमेरिकन साहित्याला आखूड आकडे मिळाले, आणि बाकीचं बरंचसं जग ८९०मध्ये दाटीवाटीने बसलं. गावच्या वाचनालयात कादंबऱ्यांचीच कपाटं जास्त. त्यांतल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर ८९१.४६३ लिहिलं तर त्या आकड्याने काय वेगळं केलं? काहीच नाही. रंगनाथन यांच्या द्विबिंदू पद्धतीत मराठीचा अंक १५५. पण जिथे एकाच भाषेची पुस्तकं बहुसंख्य, तिथे तो अंक गाळायची मुभा त्यांनी ठेवली होती. ही मुभा पुस्तकात तळटीप असल्यासारखी येते आणि परीक्षेत तर येतच नाही. मी तिच्यावर अर्धा तास घालवते. आकडा पाठ करा, परीक्षेला लागेल, असं सांगते. गावी गेल्यावर पाठीवर नुसतं ‘का’ लिहा, खाली लेखकाच्या आडनावाची दोन अक्षरं, आणि कपाटाचं कुलूप काढा.

कुलपाचा विषय निघाला की काका लोक अस्वस्थ होतात. “पुस्तकं जातात, मॅडम.” जातात खरी. पण वाचक दाराशी उभं राहून वहीतला नंबर सांगणार आणि आपण आत जाऊन पुस्तक आणून देणार, यात ज्याला काय हवं ते आधीच ठाऊक आहे त्याचंच भागतं. रंगनाथनांनी मद्रास विद्यापीठात कपाटं वाचकांना खुली केली त्याला आता शंभर वर्षं होत आली. हा गणिताचा प्राध्यापक १९२४ साली ग्रंथपाल झाला आणि शांत बसून राहायच्या त्या नोकरीला इतका कंटाळला, की परत शिकवायला जाऊ द्या म्हणाला. आधी लंडनला जाऊन शिकून या, मग बघू, असं उत्तर मिळालं. तिथल्या एका दुकानात मेकॅनोचे तुकडे जोडून वेगवेगळी खेळणी बनताना त्यांनी पाहिली, आणि विषयही असे तुकड्यांतून जोडता येतील हे त्यांच्या मनाने घेतलं. त्यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री १९३१ची, द्विबिंदू वर्गीकरण १९३३चं. त्यांची जयंती आपण १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून साजरी करतो, हार घालतो, आणि कपाटाला कुलूप लावून घरी जातो.

त्यांच्याही आधीचं बडोद्याचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. १९१० साली सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. त्याने १९११मध्ये तिथे जो वर्ग चालू केला, तो हिंदुस्थानातला ग्रंथपालनाचा पहिला. मला त्यातली व्यवहारी बाजू आवडते. बॉर्डन काही वर्षांत परत जाणार हे उघड होतं, म्हणून पुस्तकांबरोबर माणसं तयार करण्याकडेही लक्ष दिलं गेलं. तो गेल्यावर जनार्दन कुडाळकरांनी धुरा घेतली. ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं नियतकालिक निघत होतं, त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. गावोगाव पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. पेटी उघडणाऱ्याला चार गोष्टी शिकवल्याशिवाय पेटी पाठवून उपयोग नाही, हे त्या संस्थानाला कळलं होतं.

मी माझ्या वर्गाला शिकवते ती मुख्य गोष्ट कुठल्याच प्रश्नपत्रिकेत नाही. एक वही करा, तिला निर्णयवही म्हणा. जे जे ठरवाल ते तारखेसह लिहा आणि का ठरवलं तेही लिहा. मोठ्या ग्रंथालयात अडलं तर शेजारच्या टेबलावर विचारता येतं. एकट्या माणसाला विचारायला असतो तो कालचा आपणच, आणि त्याला आठवत नसतं. तुमच्यानंतर जो येईल त्याला तर तुमच्या मनातलं काहीच कळणार नाही. ‘श्रीमान योगी’ कुठे ठेवायचं? कादंबरीत, हे उघड आहे. पण एका विद्यार्थिनीने ‘श्रीमान योगी’ आणि ‘स्वामी’ दोन्ही इतिहासाच्या कपाटात ठेवली होती, कारण लोक शिवाजी महाराजांचं किंवा पेशव्यांचं पुस्तक मागत तिथेच येतात. मी तिला चूक म्हणाले नाही. विचारलं, मग ‘ययाती’ आणि ‘मृत्युंजय’ धार्मिकमध्ये जाणार का? ती विचारात पडली. शेवटी तिने कादंबऱ्या कादंबऱ्यांत नेल्या आणि इतिहासाच्या फळीवर पुठ्ठ्याची एक पट्टी उभी केली: याच विषयावरच्या कादंबऱ्या तिसऱ्या कपाटात पाहा. ही पट्टी कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या तालिकापत्राइतकीच शास्त्रशुद्ध आहे असं माझं मत आहे.

याच विद्यार्थिनीची पुढची एक गोष्ट. २०२५मध्ये ‘छावा’ चित्रपट आला आणि शाळेतली पोरं वाचनालयात संभाजी महाराजांचं पुस्तक मागू लागली. शिवाजी सावंतांची कादंबरी हातोहात गेली. एक मुलगा मात्र अडून बसला, “हे नको, खरं द्या.” तिने त्याला विचारलं, शाळेसाठी हवंय का, किती पानं वाचशील, सिनेमातलं नेमकं काय खरं आहे ते बघायचंय का? मग वा. सी. बेंद्र्यांचा संभाजी महाराजांवरचा ग्रंथ त्याला झेपणार नाही हे ओळखून तिने तो टेबलावरच उघडून हवं ते प्रकरण काढून दिलं, आणि घरी न्यायला दुसरं छोटं चरित्र. हे तिने वर्गात सांगितलं तेव्हा बाकीच्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. संदर्भ सेवा या विषयावर टिपा लिहा म्हटलं की हेच लोक दोन पानं लिहितात.

संगणकाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. कोहासारखी प्रणाली फुकट मिळते, शिकायलाही अवघड नाही. अवघड आहे ते जुनं निस्तरणं. पूर्वी कुणी तरी उत्साहाने सगळी यादी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवलेली असते. युनिकोडमध्ये नेली की अक्षरांचा चिवडा होतो आणि दाखल नोंदवहीवरून पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं. ज्यांची नोंदवही नीट, ते वाचतात.

आणि पगार. प्रमाणपत्राने तो वाढेलच असं नाही. लहान वाचनालयात अनुदानातूनच पुस्तकं, वीजबिल आणि सेवकाचं मानधन भागवायचं असतं. शिका म्हणजे भलं होईल असं मी वर्गात म्हणत नाही, ते खोटं ठरेल. मुक्त विद्यापीठातून पुढची पदवी घेऊन काही जणी शाळा-कॉलेजांत गेल्या, त्यांचं बरं झालं आणि त्यांच्या गावचं वाचनालय पुन्हा नवख्या माणसाकडे आलं. निर्णयवही मागे ठेवून गेलेली त्यांत एखादीच.

वर्ग संपला तरी फोनवरचा गट चालू राहतो. गेल्या दिवाळीनंतर त्यावर वाद पेटला तो दिवाळी अंकांचा. अंक वाचायला देण्याची वर्षाची योजना संपली की ते उरतात. ते ग्रंथ म्हणून दाखल करायचे की नियतकालिक म्हणून, बांधणी करायची की रद्दीत द्यायचे? एकाने वर्षवार गठ्ठे बांधलेत, एकीने अंकाच्या नावानुसार. मी दोन्ही बाजूंना एकच विचारलं, वाचक काय मागतो? उत्तर आलं, त्याला कथा आठवते, लेखक अर्धवट आठवतो, साल तर अजिबात नाही. त्यावरून तालुक्याच्या टोकाच्या गावातली एक जण आता संध्याकाळची देवघेव आटोपली की जुन्या अंकांच्या अनुक्रमणिका एका वहीत उतरवून काढते आहे. कथा लेखकवार लावायच्या की नावानुसार, हे तिचं अजून ठरायचं आहे.