पोपटीचे मडके आणि वाऱ्याची शेगडी



थंडी पडली, की पेण आणि रोहा या आमच्या दोन तालुक्यांत बोलण्याचा एक विषय ठरलेलाच असतो, आणि तो म्हणजे पोपटी. माझे माहेर पेण तालुक्यातले, सासर रोह्याकडचे; त्यामुळे दोन्हीकडची पोपटी माझ्या अंगी लागलेली आहे. घाटावरच्या वाचकांना हुरडा जसा जिव्हाळ्याचा, तशी आम्हां रायगडकरांना पोपटी. 1 जानेवारी 1981 रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. पण पोपटी ही कुलाबा नावाच्या वेळीही होती आणि आजही आहे.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मातीचे एक मडके घ्यायचे. त्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. भांबुर्डा म्हणजे थंडीच्या दिवसांत बांधावर आणि पडीक रानात आपोआप उगवणारे, उग्र वासाचे झुडूप. त्यावर वालाच्या हिरव्या, भरलेल्या शेंगा, खडे मीठ आणि ओवा. मग बटाटे, रताळी, छोटी वांगी. ज्यांना चालते ते अंडी आणि मसाला लावलेली कोंबडीही घालतात. पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ-ओवा, आणि शेवटी मडक्याचे तोंड भांबुर्ड्याच्या पाल्यानेच गच्च बंद करायचे. पाण्याचा थेंब नाही की तेलाचा थेंब नाही. मग ते मडके जमिनीवर पालथे घालायचे आणि भोवती पेंढा, पालापाचोळा, शेणी, काटक्या रचून जाळ करायचा. अर्धा-पाऊण तास झाला, की मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचे. चर्र आवाज होऊन पाणी तिथल्या तिथे उडाले, म्हणजे पोपटी झाली. मग काठीने मडके अलगद बाहेर ओढायचे, पाला काढायचा आणि जमलेल्या सगळ्यांनी गोल बसून गरम शेंगा सोलत खायचे.

आता तुम्ही म्हणाल, की हे पुराण आजच का लावले? सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी हृदयाचे दुखणे आले. यजमानांच्या छातीत कळ आली, दवाखाना झाला, देवाच्या कृपेने निभावले. परंतु डॉक्टरांनी बजावून सांगितले, की तळलेले आता बंद. कोकणातला माणूस, जेवताना पानात सुरणाचे नाही तर वांग्याचे काप नाहीत, भजी नाही, म्हणजे घास उतरत नाही. यजमान ताटावरून अर्धपोटी उठू लागले. घरातल्या बाईला दुसरे काही दिसले नाही तरी हे दिसतेच. तेव्हा पनवेलला असलेल्या मुलाने दिवाळीत एक यंत्र आणून दिले. त्याला एअर फ्रायर म्हणतात.

भगिनींनो, नावावरून वाटते की हे तळण्याचे यंत्र असेल. पण खरे पाहता ही वाऱ्याची शेगडी आहे. आत वरच्या बाजूला विजेवर तापणारी तार असते आणि तिच्यावर पंखा. पंखा तापलेली हवा वेगाने जाळीच्या भांड्यातल्या भाजीभोवती फिरवतो. फिलिप्स या कंपनीने 2010 साली हे यंत्र प्रथम बाजारात आणले, आणि आता ते अनेक कंपन्यांचे मिळते. आत हवा 180 ते 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. पाणी 100 अंशाला उकळते, हे आपण शाळेत शिकलो. म्हणजे भाजीच्या अंगावरचे पाणी या वाऱ्याने झटपट उडून जाते, वरची कड कोरडी पडते, तांबूस होते आणि कुरकुरीत लागते. कढईत गरम तेल जे काम करते, तेच इथे गरम वारा करतो. फक्त तेल भाजीत मुरत नाही.

या यंत्रात काय करावे आणि काय करू नये, हे दोन वर्षांच्या रोजच्या वापरातून जे हाती आले, ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट, भाजी धुतल्यावर फडक्याने अगदी कोरडी करावी. ओली भाजी घातली, तर वाऱ्याचा सगळा जोर पाणी उडवण्यातच जातो आणि भाजी वाफवल्यासारखी होते. दुसरी गोष्ट, फोडी एकसारख्या असाव्यात. नाहीतर बारीक जळते आणि जाड कच्चे राहते. तिसरी गोष्ट, पाव किलो भाजीला एक-दोन चमचे तेल हाताने चोळून लावावे. अगदीच तेल नको असा हट्ट धरला, तर भाजी सुकून चिवट होते. चौथी गोष्ट, भांडे गच्च भरू नये. फोडींच्या मधून वारा खेळला पाहिजे. घर मोठे असेल तर दोन घाणे करावेत. निम्मा वेळ झाला, की भांडे बाहेर ओढून फोडी एकदा हलवाव्यात.

भेंडी 180 अंशावर दहा-बारा मिनिटांत होते. कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून, पिळून घेतले, की पंधरा मिनिटे पुरतात. रताळ्याच्या आणि बटाट्याच्या फोडींना पंधरा ते वीस मिनिटे लागतात. सुरण मात्र आधी कोकमाच्या पाण्यात अर्धाकच्चा शिजवून घ्यावा, म्हणजे घशाला खाजत नाही. मग मसाला, तांदळाचे पीठ आणि रवा लावून 200 अंशावर पंधरा मिनिटे. पण रव्यावर वरून तेलाचा हात अवश्य फिरवा. कोरडा रवा या यंत्रात पांढरा आणि पिठूळच राहतो. भज्यांचे सरबरीत पीठ यात घालू नये. ते जाळीतून खाली गळते. पालेभाजीची सुटी पानेही नकोत. वाऱ्याने ती वर उडून तारेला लागतात.

आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. बटाट्यासारखे पिठूळ पदार्थ कोरड्या आचेवर फार तांबडे-काळे केले, की त्यांत अॅक्रिलअमाइड नावाचे अपायकारक द्रव्य तयार होते. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी हे 2002 साली दाखवून दिले. तळणे असो, भट्टी असो की हे यंत्र असो, नियम एकच. बटाट्याच्या फोडी अर्धा तास पाण्यात ठेवून, निथळून, कोरड्या करून घ्याव्यात आणि सोनेरी झाल्या की काढाव्यात.

विजेचेही पाहिले पाहिजे. साधारण 1500 वॅटचे यंत्र वीस मिनिटे चालले, तर फार तर अर्धे युनिट वीज जाते. परंतु ते एका वेळी साडेसहा अँपिअर वीज ओढते. म्हणून दिव्याच्या बोर्डावरच्या छोट्या प्लगला ते लावू नये. फ्रीज किंवा मोटारीसाठी असतो तसा मोठा प्लग हवा, आणि त्याला अर्थिंग नीट हवे. घरातला लहान इन्व्हर्टर त्याला पेलत नाही. वीज गेली, की आपली चूल आहेच.

एकंदरीत यंत्र चांगले आहे. यजमान पुन्हा पोटभर जेवू लागले, माझ्या दृष्टीने त्याचे पैसे वसूल झाले. पण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

भात कापून झाल्यावर आमच्या एका तुकड्यात, जमिनीत जो ओलावा उरतो त्यावर, आम्ही दरवर्षी वाल पेरतो. पाच गुंठ्यांचाच तुकडा. गेल्या वर्षी कापणीच्या वेळी मुलगा म्हणाला, "आई, आता पोपटीसुद्धा या यंत्रातच करू. बाजारातून किलोभर शेंगा आणू. पाच गुंठ्यांसाठी मोकाट गुरांची राखण कोण करणार? बाबांना आता झेपत नाही. वाल राहू दे."

त्याचे बोलणे चुकीचे नव्हते. आमच्या भागात भातानंतर पडीक राहणारी शेते वाढत चालली आहेत, हे तुम्हीही पाहता. घरातली तरणी पोरे पनवेल-ठाण्याला किंवा धाटावच्या कारखान्यांत कामाला जातात. कापणी संपली, की गुरे मोकळी सुटतात आणि हिरवे जे दिसेल ते खातात. एकट्याने पेरले तर एकट्यालाच राखण करावी लागते. यजमान काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी ते बराच वेळ त्या तुकड्याच्या बांधावर बसून होते.

मी मुलाला म्हटले, आधी यंत्रात पोपटी करून पाहू, मग ठरवू. तशी ती केली. पेणच्या बाजारातून शेंगा आणल्या, मीठ-ओवा लावला, आणि यंत्रात घातल्या. साले करपून कागदासारखी झाली, आतला दाणा आक्रसून चिवट राहिला. बटाटे मात्र छान झाले. मुलगा म्हणाला, यात असे का व्हावे? भाजणे ते भाजणेच ना?

कारण असे आहे, की ही दोन्ही भाजणी एकमेकांच्या उलट आहेत. यंत्रातला पंखा वाफेला बाहेर हाकलतो. म्हणून वस्तू कुरकुरीत होते. मडके वाफेला कोंडून ठेवते. म्हणून दाणा लोण्यासारखा मऊ होतो. मडके पालथे घालण्यातली हुशारी हीच आहे. वाफ वर जाते, आणि वर तर मडक्याचा बंद तळ. खाली तोंडाशी गच्च पाला. शेंगांचे, रताळ्यांचे आणि पाल्याचे स्वतःचे पाणीच आत फिरत राहते. वाल हा नीट शिजलाच पाहिजे, अर्धाकच्चा तो पोटाला बाधतो. आणि हे शिजणे त्या कोंडलेल्या वाफेत होते. बाहेरचा जाळ सगळीकडून लागल्यामुळे कडेच्या शेंगा तेवढ्या खरपूस होतात, आणि भांबुर्ड्याचा वास सगळ्यांत उतरतो. कोण्या शिकलेल्या माणसाने हे कागदावर मांडून केले नाही. शेताच्या राखणीला बसलेल्या माणसांच्या हातून हे घडत आले.

आणि हे आपल्याच पूर्वजांना सुचले असेही नाही. गुजरातेत वलसाडकडे हिवाळ्यात पापडीच्या शेंगा आणि कंद असेच मडके पालथे घालून भाजतात. त्याला तिकडे उंबाडियू म्हणतात. न्यूझीलंडचे माओरी लोक जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर कंद आणि मांस झाकून शिजवतात, त्याला हांगी म्हणतात. जिथे जिथे शेतातले ताजे पीक आणि चार माणसांचे जमणे एकत्र आले, तिथे माणसाला हीच युक्ती सुचली.

मुलाला मी दुसरेही सांगितले. वाल पेरणे हे काही पोपटीपुरते नाही. वालाच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या हवेतले नत्र जमिनीत धरून ठेवतात. पुढच्या भाताला ते मिळते. ओल्या शेंगा संपल्या की वाळलेले वाल. ते भिजत घालून, मोड आणून, सोलून केलेले बिरडे हे आपल्या घरांतले पावसाळ्याचे आधाराचे कालवण. कोठीत पायलीभर वाल असले, तर आषाढात बाजार बंद पडला तरी घरातल्या बाईची छाती दडपत नाही. किलोभर शेंगा विकत आणून यांतले काय मिळणार?

शेवटी तोड अशी निघाली. शेजारच्या तीन घरांशी बोलून चौघांचे तुकडे लागून आहेत तेथे सगळ्यांनीच वाल पेरायचे ठरले. चारी बाजूंनी मिळून एकच काटेरी कुंपण घातले आणि राखणीच्या पाळ्या लावल्या. यजमानांच्या वाट्याला सकाळची पाळी आली. डॉक्टरांनी चालायला सांगितलेच होते. तेही आपोआप घडते. मुलगा शनिवार-रविवारी येतो तेव्हा त्याची पाळी असते, आणि तो ती टाळत नाही. गेल्या हंगामात चारही घरांनी एकत्र पोपटी लावली. यजमानांनीही पोटभर खाल्ली, कारण तीत तेलच नव्हते!

म्हणून माझे सांगणे एवढेच, की नवे यंत्र घरात आले तर त्याचा दुस्वास करू नका. काप, भेंडी, कारली त्याला द्या. घरातल्या आजारी माणसाच्या तोंडाला चव आणून देण्याचे काम ते चोख करते. पण मडक्याचे काम त्याच्यावर सोपवू नका, आणि त्याच्या भरवशावर वालाचा तुकडा ओस टाकू नका. एकट्याला राखण जड जात असेल, तर शेजाऱ्याला विचारून पाहा. तोही बहुधा तुम्हीच विचाराल म्हणून वाट पाहत असतो.

पोपटी लावणार असाल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. भांबुर्डा ओळखणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच पाला आणवा. दुसरा कुठलाही पाला चालवून घेऊ नये. आणि सुके गवत जवळ असेल तर जाळ करू नका, हाताशी पाण्याची घागर ठेवा, निखारे विझवल्याशिवाय घरी जाऊ नका. शेंगा काढताना मात्र चार चांगल्या वेली बियाण्यासाठी राखून ठेवा. पुढच्या थंडीची पोपटी त्या वेलींवर आहे.