सोललेला मठ

लंडनच्या पॅडिंग्टनहून रीडिंग जेमतेम अर्ध्या तासावर. स्टेशनापासून चालत निघालं की फोर्बरी बागेत आधी सामोरा येतो तो भलाथोरला ओतीव लोखंडी सिंह. १८७९-८० च्या अफगाण मोहिमेत, मुख्यतः मैवंदला, पडलेल्या बर्कशायर रेजिमेंटच्या ३२९ जणांचं हे स्मारक. मैवंदला बॉम्बे ग्रेनेडियर्सही लढले होते. स्मारक एका रेजिमेंटचं, तेव्हा ते त्यावर नसणार हे कळतं. तरी मुंबईच्या माणसाचे डोळे नाव शोधतातच.

बाग ओलांडली की मठ. पहिल्या नजरेत भरावं असं त्यात काही नाही. चुन्यात बसवलेल्या चकमकीच्या गारगोट्यांचे उंच, ओबडधोबड सुळके. एखाद्या माळावरची वारुळंच म्हणा. हा भिंतींच्या पोटातला भराव. वरचा घडीव दगड लोकांनी सोलून नेला.

हेन्री पहिला याचा एकुलता औरस मुलगा ११२० मध्ये ‘व्हाइट शिप’ हे जहाज बुडालं त्यात गेला. पुढच्याच वर्षी राजाने इथे मठ स्थापला. बेनेडिक्टच्या नियमाने राहणारे पहिले साधू फ्रान्समधल्या क्लूनीहून आणि इंग्लंडमधल्या लुईसहून आले. राजा ११३५ च्या डिसेंबरात नॉर्मंडीत वारला. प्रेत बैलाच्या कातड्यात शिवून समुद्रापार आणलं आणि इथे पुरलं. ११६४ मध्ये चर्चचं पवित्रीकरण केलं ते खुद्द आर्चबिशप टॉमस बेकेटने. साधूंची सभा भरायची त्या दालनाच्या भिंतीवर आज एका तेराव्या शतकातल्या इंग्रजी गाण्याची शिळा आहे; कोकिळेच्या त्या गाण्याचं जुनं हस्तलिखित या मठातलं मानतात. साधूंच्या उपासतापासांपेक्षा मला हे गाणंच अधिक जवळचं वाटलं.

शेवटचा मठाधिपती ह्यू फॅरिंग्डन. आठवा हेन्री त्याचा पाहुणचार घेऊन गेलेला. धर्माचा प्रमुखही राजाच, हे न मानल्याचा ठपका ठेवून त्याच राजाने १५३९ च्या नोव्हेंबरात त्याला रीडिंगमध्येच फाशी दिली, देहाचे तुकडे केले. मग मठाची खाण झाली. छपराचं शिसं गेलं, दगड गेले, त्या उचलाउचलीत पहिल्या हेन्रीचं थडगंही गेलं. स्वतःच्याच पूर्वजाचं!

आतलं प्रवेशद्वार मात्र टिकलं, कारण ते वापरात राहिलं. पुढे तिथल्या शाळेत लहानगी जेन ऑस्टेन शिकली. १८६१ मध्ये तेही कोसळलं आणि गिल्बर्ट स्कॉटने पुन्हा उभं केलं. मठाच्या जमिनीवर तुरुंग आला, ऑस्कर वाइल्डने सजा भोगली तोच. आता तो बंद आहे. भग्नावशेषांचीही पडझड सुरू होती; डागडुजी करून ते २०१८ मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडले.

गेलेल्या दगडांचा एक पत्ता पक्का आहे. विंडसरच्या किल्ल्यात मेरी राणीच्या काळी गरीब सरदारांसाठी घरं बांधली, त्यांना रीडिंगचा दगड लागला. परतीच्या वाटेवर मी स्लाऊला उतरलो आणि विंडसरची गाडी धरली.