खर्जातली थरथर

फ्रान्झ शूबर्टचा बी-फ्लॅट मेजरमधला शेवटचा पियानो सोनाटा (डी. ९६०) ऐकलेल्यांना बहुधा त्याची सुरुवातच आधी आठवते. शांत, पायरी-पायरीने सरकणारी सुरावट. मोठ्या उड्या नाहीत, आवाज चढत नाही. चार माणसांनी मिळून हलक्या आवाजात प्रार्थना म्हणावी तशी. पहिले वाक्य संपता संपता डाव्या हाताला, अगदी खाली खर्जात, एक ट्रिल येते. दोन लगतचे स्वर झपाट्याने आलटून पालटून वाजल्याने होणारी ही थरथर. तीही जेमतेम ऐकू येईल इतकी हळू. मग विराम. मग सुरावट पुन्हा सुरू होते, मध्ये काही घडलेच नाही अशी.

तिचा अर्थ लावताना चरित्राकडे धावण्याचा मोह मोठा. हस्तलिखितावर २६ सप्टेंबर १८२८ ही तारीख आहे आणि १९ नोव्हेंबरला शूबर्ट व्हिएन्नात वारला, वयाच्या ३१ व्या वर्षी. तेव्हा ही मृत्यूची चाहूल, असे म्हणून मोकळे होता येते. पण याच शूबर्टने ४ नोव्हेंबरला सिमोन झेख्टर यांच्याकडे काउंटरपॉइंटचा पहिला धडा घेतला होता! निरोपाची तयारी करून बसलेला माणूस शिकवणी लावत नाही. त्याच्या अखेरच्या गीतांना ‘हंसगीत’ हे नाव दिले तेही प्रकाशकाने, तो गेल्यावर. कवितेचा अर्थ कवितेत शोधा, असा वर्गात आग्रह धरणाऱ्या मला ही शिकवणीची हकिगत फार प्रिय आहे. (आपल्याला असाध्य रोग जडला आहे हे त्याला काही वर्षांपासून ठाऊक होते, हेही खरे. पण नुसत्या त्या जाणिवेने सोनाटा लिहून होत नाही.)

तर मग स्वरांकडेच पाहू. बी-फ्लॅट हा षड्ज मानला तर ट्रिलचा जी-फ्लॅट हा कोमल धैवत ठरतो. आपल्या कानाला आंदोलित कोमल धैवत म्हटले की भैरव आठवतो. पण भैरवात तो स्वर घरचा असतो. इथे सगळे शुद्ध स्वर नांदत असताना तो उंबऱ्याबाहेरून आलेला आहे. आणि शूबर्ट त्याला हाकलून देत नाही. थोड्याच वेळात तीच सुरावट त्या परक्या स्वराला षड्ज मानून गायली जाते. पुढे दुसरा विषय येतो तो एफ-शार्प मायनरमध्ये, म्हणजे पियानोवर तीच पट्टी, नाव तेवढे वेगळे.

ही ट्रिल एकदाच, एकाच ठिकाणी गरजते. पहिल्या भागाचा पूर्वार्ध पुन्हा वाजवायचा तर मूळ सुरावटीकडे परत नेणाऱ्या काही ओळी शूबर्टने लिहिल्या आहेत, त्यांत. आल्फ्रेड ब्रेंडल ही पुनरावृत्ती गाळत; त्या ओळींचा आक्रस्ताळेपणा या रचनेला मानवत नाही, असे त्यांचे मत होते. स्व्यातोस्लाव रिख्टर ती वाजवत, आणि इतक्या संथपणे की त्यांच्या १९७२ च्या ध्वनिमुद्रणात एकटा पहिला भागच चोवीस मिनिटांच्या आसपास जातो. ब्रेंडल यांचा युक्तिवाद विचारी आहे, पण मला पटत नाही. ती गर्जना एकदा ऐकली की पुढची प्रत्येक कुजबुज वेगळी ऐकू येते.

वडील गेले त्या पावसाळ्यात मी हेच रिख्टरचे ध्वनिमुद्रण रात्री ऐकत असे. भेटायला येणारी माणसे काळ हेच औषध असे सांगत, आणि ती चुकीचे सांगत नव्हती. घर खरोखरच पूर्ववत चालू लागले होते. सकाळी दूध येई, वर्तमानपत्र येई, आई कुकर लावी. मग कपाटात काही शोधताना त्यांच्या चष्म्याचे घर हाताला लागे. क्षणभर सगळे थांबे, आणि आई विचारी, “मिळालं का गं?” मी “हो” म्हणे. सांत्वन करणारे संगीत मला तेव्हा सहन होत नव्हते, आक्रोश करणारे त्याहून नाही. शूबर्ट या दोहोंपैकी काहीच करत नव्हता. तो थांबत होता आणि पुन्हा तेच वाक्य उचलत होता.

दुसऱ्या, सी-शार्प मायनरमधल्या भागावर पुष्कळांनी लिहिले आहे, तो ऐकावाच. मला मात्र शेवटचा भाग अधिक कोड्यात टाकतो. त्याचा आरंभ एका उघड्या स्वराने होतो, टोल पडावा तसा: जी, म्हणजे आपला शुद्ध धैवत. खेळकर सुरावट दर वेळी परतताना हा टोल आधी पडतो. अगदी अखेरीस तो टोल एक पायरी खाली, कोमल धैवतावर उतरतो. सुरुवातीच्या थरथरीचाच स्वर, पण आता न थरथरता. तिथून पंचमावर. मग काही झपाट्याचे, मोठ्या आवाजातले स्वर आणि समाप्ती. ते मला अजूनही जरा घाईचे वाटतात.